ब्रेक फेल झाला, म्हणजे चूक कोणाची?

उतारावर ट्रकने गाड्या उडवल्या की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.’ वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात. काही म्हणतात, ब्रेकच गेला, तो बिचारा काय करणार. बाकीचे म्हणतात, प्यायलेला असणार. दोघांचाही विषय तिथे मिटतो. भरपाईच्या दाव्यात मात्र एवढ्यावर कोणी ऐकून घेत नाही. ब्रेक कशाने गेला, तो नीट ठेवणं कोणाच्या अंगावर होतं, गाडीत माल किती होता, चालक किती तास स्टिअरिंगवर होता, हे सगळं उकरून काढलं जातं. निदान काढलं जायला हवं. कारण मेलेल्याच्या घरच्यांना पैसे कोणाकडून आणि किती मिळणार हे त्यावर ठरतं.

आधी ब्रेकचं बघू. साताऱ्याकडून पुण्याला येताना नवा कात्रज बोगदा संपला की नऱ्ह्यावरून नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच येतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका ट्रकने गाड्यांची रांगच्या रांग ठोकरली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. १३ नोव्हेंबर २०२५ ला याच पट्ट्यात कंटेनरची धडक आणि नंतरची आग यात आठ जण गेले. धुळे जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरला जुलै २०२३ मध्ये एक कंटेनर गाड्यांना ठोकरत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. त्यात किमान दहा माणसं मेली. तिथेही पहिलं कारण ब्रेक फेल.

दहा टायरी ट्रकचं कायदेशीर एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, २८.५ टन. २०१८ पर्यंत ही मर्यादा २५ टन होती, मग केंद्राने वाढवली. एवढ्या वजनाचा ट्रक शंभर मीटर उंची उतरतो तेव्हा जवळपास २८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साधारण नव्वद लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते तेवढी. ट्रक खालच्या गिअरमध्ये उतरवला तर यातला मोठा वाटा इंजिन ओढून धरतं, इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक मदतीला असतो, आणि पायाचा ब्रेक अधूनमधून लावला तरी भागतं. न्यूट्रलला टाकला की सगळा भार चाकांतल्या ब्रेक ड्रमवर. ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि ब्रेक शूपासून लांब जातो. शूवरच्या घासपट्टीची, म्हणजे लायनरची, पकड कमी होते. चालक जोरात दाबतो, तसा ड्रम आणखी तापतो. एका क्षणी पॅडल पूर्ण दाबलेलं असतं आणि गाडी थांबत नाही.

इंजिनच बंद केलं असेल तर दुखण्यात भर पडते. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा, प्रत्येक दाबाला ती कमी होणार. पॉवर स्टिअरिंगही दगडासारखं जड होतं.

मग कोणी न्यूट्रलला टाकतंच कशाला? डिझेलसाठी. बऱ्याच ठिकाणी मालक खेपेला ठरावीक डिझेल किंवा ठरावीक ॲव्हरेज देतो. त्यातून वाचलं ते चालकाचं, कमी पडलं तर त्याच्या पगारातून. गंमत अशी की हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला डिझेल जळत राहतं. म्हणजे जी बचत करायला जीव धोक्यात घातला ती बचत नव्या गाड्यांत होतच नाही. हे ट्रक विकणाऱ्याने, मालकाने, लायसन्स देणाऱ्याने, कोणीतरी चालकाला सांगायला हवं होतं.

अपघातानंतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. तोवर काही तास, कधी दोन-तीन दिवस गेलेले असतात. ड्रम गार झालेले, आपल्या मापावर परत आलेले. ब्रेक दाबून पाहिला तर लागतो. अहवालात येतं: ‘ब्रेक सुस्थितीत.’ चालक म्हणतो, साहेब, शपथेवर सांगतो, ब्रेक लागला नाही. दोघंही खरं बोलत असू शकतात. याचा निकाल लागायचा तर चाक उघडून बघावं लागतं. ड्रमच्या आतल्या बाजूला निळसर झाक आहे का, लायनर काचेसारखा चकाकतोय का, ब्रेकचं अंतर जुळवून ठेवणारा स्लॅक ॲडजस्टर ढिला आहे का, सगळ्या चाकांचे ब्रेक सारखे लागत होते की भार दोनच चाकांवर होता. गिअर लिव्हर कुठल्या जागी सापडला, हवेच्या टाकीत दाब किती, किल्ली चालू होती की बंद. ज्या अहवालात हे नाही आणि नुसतं ‘ब्रेक ठीक’ किंवा ‘ब्रेक निकामी’ एवढंच आहे, तो अहवाल दोन्ही बाजूंना निरुपयोगी.

समजा ब्रेक खरोखरच यांत्रिक बिघाडाने गेला. तरी मालक सुटत नाही. मुंबईतल्या एका ट्रकच्या अपघातावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यात (मिनू मेहता, १९७७) न्यायालयाने सांगितलं की बिघाडामुळे अपघात झाला हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर आहे. नुसता बिघाड दाखवून भागत नाही. सगळी वाजवी काळजी घेतली होती, आणि तरीही हा दोष लपून राहिला, हेही दाखवावं लागतं. म्हणजे लायनर कधी बदलले, कुठल्या गॅरेजमध्ये, पावती कुठे आहे. फिटनेस सर्टिफिकेट उपयोगी पडतं, पण त्यावर सगळं निभत नाही. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं. फेब्रुवारीत पास झालेल्या गाडीचे लायनर नोव्हेंबरात कसे होते, हे ते सर्टिफिकेट सांगत नाही.

टायर फुटण्याचंही तेच. ‘टायर फुटला, देवाची करणी’ हा बचाव विमा कंपन्यांनी अनेकदा केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुणे-मुंबई प्रवासातल्या एका अपघातात तो साफ फेटाळला. टायर फुटणं हे दैवी संकट नव्हे, जास्त वेग, हवेचा चुकीचा दाब, जुना टायर ही माणसाने केलेली कारणं आहेत, असा त्याचा आशय. त्याआधी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकलं होतं. जीपचा टायर फुटून ती उलटली आणि रस्त्याने चालणारा माणूस मेला. चालकाची चूक नव्हती असं धरलं तरी धोकादायक वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने भरपाई दिलीच पाहिजे, असा तो निकाल.

माल भरताना ठरलेला अपघात

‘पासिंग’, म्हणजे कागदावर मंजूर वजन, किती आणि भरलं किती, हे ट्रकवाल्यांच्या जगातलं सगळ्यात जुनं दुखणं. भाडं टनावर मिळतं, गाडीचा हप्ता महिन्यावर जातो. वाळू, खडी, ऊस, सिमेंट, लोखंड यांत चार टन जास्त टाकले की खेप परवडते, असं गणित. पण उतारावर जिरवायची ऊर्जा वजनाच्या थेट प्रमाणात वाढते. २८.५ टनांची गाडी ३५ टनांवर नेली तर ब्रेकवरचा भार जवळपास पाव हिश्शाने वाढला, ब्रेक मात्र तेवढेच. वेगाचं तर याहून वाईट. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते.

मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. दंडापेक्षा महत्त्वाचं एक कलम मात्र फारसं कोणाला माहीत नसतं. कलम ११३ म्हणतं की गाडी चालवणारा मालक नसेल आणि गाडी ओव्हरलोड सापडली, तर ती मालकाच्या माहितीने किंवा हुकुमानेच तशी भरली होती असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ‘मला काय ठाऊक, ड्रायव्हरने भरलं’ हे मालकाचं म्हणणं इथे अडतं. शिवाय दंडाच्या कलमात नुसता चालवणारा नाही, चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही आहे. म्हणजे माल भरणारी कंपनी, खडी क्रशरवाला, ट्रान्सपोर्ट ऑफिसचा दलाल यांच्यापर्यंत हात पोचू शकतो. प्रत्यक्षात क्वचित पोचतो. पोलीस बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, जप्त करतात, वजनकाट्याची पावती मागायला विसरतात. काट्यावर खरं वजन आणि कागदावर पासिंगएवढं वजन, असे दोन आकडे जिथे असतात तिथे ती पावती म्हणजे अर्धा खटला.

झोपेला रकाना नाही

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं मेली. यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे असं तो अहवाल सांगतो. माझा या टक्केवारीवर पूर्ण विश्वास नाही. वेग धोकादायक आहे यात वाद नाही, पण या तक्त्यात रकाने कोणते आहेत बघा: अतिवेग, दारू, उलट दिशा, सिग्नल तोडणं, मोबाइल, आणि इतर. थकवा किंवा झोप असा रकानाच नाही. पहाटे चार वाजता सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे जाऊन आदळलेला ट्रक, जिथे टायर घासल्याची एकही खूण नाही, तो मग कुठे टाकणार? अतिवेगात.

ब्रेकची खूण नसणं हीच झोपेची मोठी खूण असते. जागा माणूस शेवटच्या क्षणी का होईना, पाय ब्रेकवर मारतो. म्हणून घटनास्थळाच्या पंचनाम्यात ‘रस्त्यावर टायरच्या खुणा आढळल्या नाहीत’ हे वाक्य असलं तर ते नीट जपून ठेवावं.

कायद्यात चालकाच्या कामाला मर्यादा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास असं ठरलेलं होतं. मेख अशी की तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. आपल्याकडे एक-दोन ट्रकचे मालक भरपूर, त्यांतले कित्येक स्वतःच चालक. त्यांच्यावर ही मर्यादा कधी आलीच नाही. आता हा कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. आठ तासांचं तत्त्व कायम आहे, पण एका ट्रकच्या मालकाची रात्र कोण मोजणार हा प्रश्नही तसाच आहे.

मोजायचं साधन मात्र आता आलं आहे. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. प्रत्येक टोलनाक्यावर गाडी कधी ओलांडली याची सेकंदापर्यंतची नोंद राहते आणि मालकाच्या मोबाइलवर मेसेजही जातो. काल संध्याकाळी पाचला बेळगावकडचा नाका, रात्री तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, पहाटे मुंबईच्या दिशेने, अशा वेळा एका कागदावर मांडल्या की चालक कुठे थांबला होता की नव्हता ते दिसतं. दोन नाक्यांमधलं अंतर आणि वेळ यांवरून सरासरी वेगही निघतो. वेळेत पोच म्हणून तगादा लावणारे मालकाचे फोन त्याच काळात आले असतील तर त्यांच्या वेळाही त्याच कागदावर मांडाव्यात. दावा लढणाऱ्या वकिलांनी ही नोंद मागवण्याचा अर्ज करायला हवा, आणि लवकर करायला हवा.

उभा ट्रक

मागून धडकणाऱ्याची चूक, हा आपला लोकप्रिय नियम. तो अर्धाच खरा आहे. एकाच वर्षी, २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रकरणांत उलटसुलट निकाल दिले, ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

एकात रात्री रस्त्याच्या मधोमध गॅस टँकर उभा होता. इंडिकेटर नाही, पार्किंग लाइट नाही. मागून आलेली कार त्यावर आदळली. उच्च न्यायालयाने कारचालकाच्या माथ्यावरही अर्धा दोष मारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला आणि सगळा दोष टँकरवर ठेवला. दुसऱ्यात ट्रक चालता होता, त्याने अचानक ब्रेक मारला आणि दहा-पंधरा फुटांवरून मागे येणारी कार त्याला धडकली. इथे दोष कारचालकाचा ठरला, कारण पुढची गाडी अचानक थांबली तरी आपल्याला थांबता येईल एवढं अंतर ठेवणं हा रस्त्याचा लेखी नियम आहे. म्हणजे न्यायालय बघतं ते हे: समोर अडथळा असू शकतो याचा अंदाज मागच्याला येणं शक्य होतं का?

उसाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात फिरणाऱ्याला हे पटेल. पंक्चर झालेली डबल ट्रॉली रस्त्यात, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि खूण म्हणून चार दगड. गाडी दुरुस्त झाली की ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात आणि पुढच्या दुचाकीची वाट बघतात.

समृद्धी महामार्गावर १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ झालेला अपघात तर दोषाची साखळी समजून घ्यायला फारच बोलका. सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणारी टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ट्रकवर आदळली आणि बारा जण मेले. ट्रॅव्हलरमध्ये क्षमतेपेक्षा खूप जास्त माणसं होती. पण ट्रक महामार्गावर उभा का होता? आरटीओच्या पथकानेच तो तिथे थांबवला, असा आरोप झाला आणि ट्रकचालकाबरोबर आरटीओच्या दोन अधिकाऱ्यांनाही अटक झाली. ट्रॅव्हलर चालवणारा, ट्रकवाला, थांबवणारे सरकारी अधिकारी: तिघांचा वाटा वेगवेगळा काढता येतो.

रस्त्याचाही वाटा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आलं. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार, रस्ता सांभाळणारी संस्था यांना एक लाखापर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे, पण दोष त्यांच्यावरही असू शकतो हे निदान लिहिलं तरी गेलं. खड्ड्यांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृताच्या वारसांना सहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला.

दोन वेगळे खटले

इथे बहुतेक कुटुंबांचा गोंधळ उडतो. अपघातानंतर पोलीस जो गुन्हा नोंदवतात तो फौजदारी खटला: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ भरधाव चालवण्याबद्दल, १०६ निष्काळजीपणाने मृत्यूबद्दल, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं पोटकलमही त्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याविरुद्धच ट्रकचालकांचा संप झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ते पोटकलम लागू करणं थांबवलं गेलं. या खटल्यात दोष संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

भरपाई मिळते ती मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे, आणि तिथला मापदंड वेगळा. कोणाची गोष्ट जास्त संभवनीय वाटते, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे फौजदारीत ट्रकचालक निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा मरत नाही. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसला तरी मरत नाही. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एक कार रस्ता सोडून उजवीकडच्या झाडावर आदळली होती. पाहणारं कोणी नव्हतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नीट चालवलेली गाडी रुंद रस्त्यावरून झाडावर जात नाही, तेव्हा चूक नव्हती हे आता गाडीवाल्याने सांगावं. गाडी कंपनीचा मॅनेजर कंपनीच्या कामासाठी चालवत होता, म्हणून भरपाई कंपनीवर बसली.

आता आकडे. समजा साताऱ्याचा ३४ वर्षांचा वायरमन ट्रकच्या धडकेत गेला. स्वतःचा धंदा, महिना १८ हजार. मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे २,१६,००० रुपये. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाचं उत्पन्न पुढे वाढलं असतं म्हणून ४० टक्के जोडायचे: ३,०२,४००. चार जण अवलंबून असतील तर त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा: २,२६,८००. किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा, म्हणजे गुणक, वयावर ठरतो: ३१ ते ३५ गटाला १६. गुणाकार ३६,२८,८०० रुपये. त्यावर सहवास गमावल्याबद्दल चौघांना प्रत्येकी ४० हजार, अंत्यविधीचे १५ हजार, मालमत्तेचं नुकसान म्हणून १५ हजार. या तीन रकमा २०१७ च्या निकालातल्या, त्या दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढतात. वाढ न धरताही बेरीज ३८,१८,८०० होते, आणि वर अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांतून आलेलं आहे, देशभर हेच चालतं.

याच जागी दोषाची वाटणी पैशांत दिसते. वायरमन दुचाकीवर चुकीच्या बाजूने येत होता आणि त्याचा दोष २५ टक्के ठरला, तर ९,५४,७०० रुपये वजा. म्हणून विमा कंपनीचा वकील पंचनाम्याच्या नकाशात दुचाकी रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडली होती यावर एवढा कीस काढतो. मात्र वायरमन दुसऱ्याच्या दुचाकीवर मागे बसलेला असेल, तर त्याच्या वाट्याला दोष नाही. दुचाकी आणि ट्रक दोघांची चूक असली तरी वारस पूर्ण रक्कम एकट्या ट्रककडून मागू शकतात, ट्रकवाल्याने दुसऱ्याकडून काय वसूल करायचं ते नंतर बघावं. तिघं बसले होते, लायसन्स नव्हतं, एवढ्यावर आपोआप टक्के कापता येत नाहीत. त्यामुळेच अपघात घडला हे दाखवावं लागतं.

विमा कंपनी कधी हात वर करते? लायसन्स बोगस, परमिट नाही, चालक प्यायलेला, असे तिचे बचाव. पण मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे तिनेच सिद्ध करायचं असतं, आणि पुष्कळदा न्यायालय सांगतं, आधी जखमींना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेच स्पष्ट केलं. त्यामुळे छोट्या टेम्पोच्या प्रकरणांतला एक नेहमीचा बचाव संपला. मालवाहू गाडीत बसून जाणाऱ्या वऱ्हाडाचं मात्र अवघड आहे. मालाबरोबर मालाचा मालक बसला असेल तर त्याला विम्याचं संरक्षण मिळतं, फुकट बसवून नेलेल्या माणसांना नाही. टेम्पोत बसून लग्नाला निघालेल्या पंचवीस जणांपैकी कोणी गेलं तर दावा मालकावर, आणि मालकाकडे तो टेम्पोच काय तो असतो.

जुना ट्रक विकून टाकलेल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. आरसी बुकावर तुमचं नाव आहे तोवर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच, गाडी तीन हातांनी पुढे गेलेली असली तरी. हा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही २०१८ मधलाच. स्टँपपेपरवर लिहून घेतलं म्हणून जबाबदारी जात नाही.

ट्रकचालक स्वतः मेला तर? त्याचीच चूक असेल तर त्याच्या घरच्यांना या प्राधिकरणात फारसं काही हाती लागत नाही. मात्र कामावर असताना मृत्यू झाला म्हणून कामगार भरपाईच्या कायद्याखाली ते मालकाकडे मागू शकतात, तिथे चालकाचा निष्काळजीपणा आडवा येत नाही. हे बहुतेक घरांपर्यंत पोचतच नाही.

कागद आणि तारखा

पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाला द्यायचा असतो, २०२२ पासूनचे नियम तसे आहेत. तो अहवालच दावा म्हणून धरता येतो, तरी स्वतः अर्ज केलेला बरा. अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. अर्ज अपघाताच्या गावीच करायला हवा असंही नाही. वारस जिथे राहतात तिथल्या प्राधिकरणातही चालतो. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजारांची सरकारी योजना आहे, तिचा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयाच्या वाटेने जातो.

चूक कोणाची हे न पाहता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे. घरात कमावता माणूस गेलेला असतो, वर्षभर कोर्टात फिरायची ताकद नसते, पाच लाख लगेच मिळतात म्हणून लोक सही करतात. तडजोडीत ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा रद्द होतो. वरच्या वायरमनच्या घरचा आकडा अडतीस लाखांचा होता, हे सही करणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आणि ट्रक. तो पोलीस ठाण्याच्या आवारात फार दिवस राहत नाही. हप्ते चालू असतात, म्हणून मालक कोर्टात अर्ज करून, बंधपत्र देऊन, गाडी सोडवून नेतो. तसा त्याला हक्क आहे. त्यानंतर गॅरेजमध्ये पहिल्यांदा बदलले जातात ते ड्रम आणि लायनर. तेव्हा निरीक्षकाने चाकं उघडून तपासणी करावी, फोटो काढावेत, जीपीएस आणि फास्टॅगची नोंद राखून ठेवावी, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे द्यायचा असेल तर तो गाडी सुटण्याआधी द्यावा, आणि आपल्या प्रतीवर ठाण्याचा तारखेसकट शिक्का घ्यावा.